टॅब दाबल्यानंतरचे दीड सेकंद

शिराळा तालुक्यातील बिळाशी गावात १९३० साली जंगल सत्याग्रह झाला. त्याविषयीची कात्रणे आणि कागद मी बरीच वर्षे जमवतो आहे. त्यांच्या सूचीसाठी मी पायथॉनमध्ये एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. त्यात बटणे नाहीत; काळ्या पडद्यावर आज्ञा टंकायची. ‘बिळ’ लिहून टॅब दाबली की ‘बिळाशी’ आपोआप पूर्ण व्हावे, अशी सोय केली.

ही सोय जुनीच. १९७०च्या दशकात अमेरिकेतील टेनेक्स प्रणालीत ती होती; तिथे टॅबऐवजी एस्केप दाबत. लिनक्समधील बॅशला २००० सालापासून प्रत्येक प्रोग्रॅमचे पर्याय कुठून आणायचे हे सांगता येते.

माझ्याकडे मात्र टॅब दाबल्यावर दीड सेकंद काहीच घडत नसे. कंटाळून मी नावे हातानेच टंकू लागलो. पुढे एकदा ‘बिळाशी’ शोधले, तर ओळखीचे कागद दिसेनात. ते ‘बिलाशी’ आणि ‘बीळाशी’ या नावांखाली पडले होते. कागद कपाटात होते, पण सूचीतून हरवले होते. टॅब केवळ टंकण्याचे श्रम वाचवत नाही, एका गावाचे नाव एकाच तऱ्हेने लिहिले जाईल हेही पाहते, हे तेव्हा उमगले.

उशीर का होत होता? प्रत्येक टॅबला बॅश माझा प्रोग्रॅम नव्याने सुरू करत होता. तो आधी नकाशे काढणारी जड लायब्ररी वाचून घेई, मग गावांची नावे सांगे. काडेपेटी मागावी आणि दुकानदाराने सगळे गोदाम उघडावे, तसा प्रकार! कोणत्या लायब्ररीला किती वेळ लागतो हे दाखवणारी सोय पायथॉनमध्ये ३.७ आवृत्तीपासून आहे. तिने दोष दाखवून दिला.

उपाय दोन केले. नकाशाची लायब्ररी नकाशा काढतानाच आणायची. गावांची नावे साध्या फाइलीत ठेवायची आणि टॅब दाबल्यावर बॅशने तेवढीच वाचायची. अशी यादी शिळी होण्याचा धोका असतो. म्हणून नवे गाव नोंदताच फाइल पुन्हा लिहिली जाते.

कळ दाबल्याचा प्रतिसाद ०.१ सेकंदात मिळावा, असे रॉबर्ट मिलर यांनी १९६८ मध्येच मांडले होते. आता नाव तितक्यात येते. चुकलेल्या नावांखालचे कागद मात्र एकेक करून बिळाशीत परत आणावे लागत आहेत.