खाणीतील क्षीण हाक

मुलांनो, कोळशाच्या खाणीत मिथेन वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. पण हवेत तो शेकडा ५ ते १५ झाला की एका ठिणगीने स्फोट होतो. म्हणून तेथे ठिकठिकाणी वायुसंवेदक बसवितात. वायूची चाहूल लागताच ते विजेचा अतिशय क्षीण संकेत धाडतात. शेजारच्या यंत्रांच्या विजेचा गोंगाट त्यात मिसळला, तर तो ओळखावा कसा? यासाठी संकेताच्या दोन तारांना पीळ घालतात. दोहोंत सारखाच शिरलेला गोंगाट वजाबाकीने नाहीसा होतो. वरून तांब्याच्या जाळीचे वेष्टन घालून ते जमिनीशी जोडतात. शिवाय वायू हळूहळू पसरतो. विजेचा झटका मात्र सर्व संवेदकांना एकाच क्षणी जाणवतो. ही खूणही उपयोगी पडते. त्या क्षीण हाकेवर कितीतरी कामगारांचे प्राण विसंबून असतात!