आधी बोर्ड ओळखा

सीबी रेडिओच्या खोक्यावरचं नाव त्या रेडिओबद्दल फार थोडं सांगतं. १९७०च्या दशकात अमेरिकेत सिटिझन्स बँडची (सीबी) लाट आली, तेव्हा सायबरनेट, युनिडेन अशा मोजक्या जपानी कंपन्यांचे बोर्ड कितीतरी वेगवेगळ्या नावांनी विकले गेले. खरी ओळख आत असते. झाकण उघडलं की बोर्डावर एक क्रमांक छापलेला दिसतो. ‘पीटीबीएम’ने सुरू होणारा क्रमांक ही सायबरनेटची खूण. मग पीएलएल, म्हणजे वारंवारता ठरवणारी चिप शोधायची. पण नुसत्या चिपवर विसंबून भागत नाही. पीएलएल०२ए ही चिप साध्या एएम संचांतही सापडते आणि सिंगल साइडबँडच्या संचांतही, आणि दोन्हीकडे तिच्याभोवतीची जुळणी निराळी असते. म्हणून क्रिस्टलही बघावी लागतात. बहुतेक संचांत १०.२४० मेगाहर्ट्झचं एक क्रिस्टल असतंच. त्या आकड्याला १,०२४ने भागलं की बरोबर १० किलोहर्ट्झ येतात, म्हणजे शेजारच्या दोन चॅनेलमधलं नेहमीचं अंतर. आणि १०.६९५ मेगाहर्ट्झच्या पहिल्या आयएफमधून (रिसीव्हरच्या आतल्या मधल्या वारंवारतेतून) तेच १०.२४० वजा केले की ४५५ किलोहर्ट्झची दुसरी आयएफ मिळते. एका क्रिस्टलकडून दोन कामं करून घेणारी ही रचना फार सुंदर आहे, आणि ती समजली नाही तर क्रिस्टल बदलणारा माणूस ट्रान्समीटर सुधारता सुधारता रिसीव्हर बिघडवून बसतो.

माझं म्हणणं असं, की या कारागिरीत फेरफारापेक्षा ओळख मोठी आहे. काय बदलता येईल हे बोर्डच सांगतो. पीएलएल०२ए आपल्या पिनांवर द्विमान संख्या घेते, त्यामुळे भागाकाराचा आकडा बाहेरून बदलता येतो. ब्रिटनने नोव्हेंबर १९८१मध्ये सीबीला मान्यता दिल्यावर तिथल्या एफएम संचांत आलेल्या एलसी७१३७मध्ये मात्र चॅनेलचा तक्ता चिपच्या पोटातच कोरलेला आहे. तिथे पिना कापून काही हाती लागत नाही.

पुण्यात ही ओळख आणखी एका कारणाने लागते. परदेशातून परतलेल्या कुणी असा संच आणला, तर तो इथे जसाच्या तसा चालवता येत नाही. भारतात २००५च्या नियमांनी २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ एवढाच पट्टा परवान्याविना खुला केला, तोही ५ वॉट आणि संचातच बसवलेला अँटेना या अटींवर, दुसऱ्याला व्यत्यय न आणता. अमेरिकेने १ जानेवारी १९७७पासून दिलेली ४० चॅनेल २७.४०५पर्यंत जातात. आपल्या हद्दीत त्यांतली पहिली २७च बसतात. २८वं चॅनेल, २७.२८५, थोडक्यात बाहेर पडतं. साइडबँडवर तिकडे १२ वॉटची शिखरशक्ती चालते, ती इथे दुपटीहून जास्त ठरते. आणि गाडीत बसवून वर वेगळा अँटेना जोडायचा संच तर मुळातच या सवलतीत येत नाही.

यावर कुणी म्हणेल, एवढ्याशा रेडिओने कुणाचं काय बिघडणार? सीबी संचांत सर्रास होणारा फेरफार म्हणजे आवाज मोठा करण्यासाठी मॉड्युलेशनवर मर्यादा घालणारा भाग तोडणं. त्याने आवाज मोठा होतो, पण फाटतो, आणि ती फाटलेली लहर शेजारच्या चॅनेलवर सांडते. शेवटच्या टप्प्यातल्या कॉइल आणि फिल्टर बिघडवले तर पट वारंवारताही, म्हणजे मूळ वारंवारतेच्या दुप्पट, तिप्पट लहरीही बाहेर पडू लागतात. पहिल्या २७ चॅनेलची पाचपट साधारण १३४.८ ते १३६.४ मेगाहर्ट्झवर येते. विमानांच्या संभाषणाचा पट्टा ११८ ते १३७ आहे, आणि लोहगावचा विमानतळ शहराला लागूनच आहे. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीतल्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना सुधारणेनंतर ज्या सर्वांत खालच्या पट्ट्यात आकाश ऐकतात, तो १२० ते २५० मेगाहर्ट्झचा. नीट जुळवलेल्या संचात ही पाचपट इतकी दबलेली असते की तिचा उपद्रव होत नाही. बोर्ड न ओळखता कॉइल फिरवणारा नेमका तोच बांध फोडतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मोबाइलच्या काळात ही मेहनत कशासाठी? संपर्कासाठी नाही, हे मान्य. शिकण्यासाठी मात्र याच्यासारखं साधन मिळणं कठीण. आजच्या वॉकीटॉकीत सगळं दोन-चार चिपांत गडप झालेलं असतं. सीबीच्या बोर्डावर ऑसिलेटर, मिक्सर, फिल्टर हे टप्पे सुटे दिसतात आणि मोजता येतात. लागणारे भाग शोधायला बुधवार पेठेतली तपकीर गल्ली आहेच. शिवाय हॅमचा, म्हणजे परवानाधारक हौशी रेडिओचालकांचा १० मीटरचा पट्टा, २८ ते २९.७ मेगाहर्ट्झ, सीबीच्या अगदी शेजारी आहे. योग्य बोर्ड असेल तर क्रिस्टल बदलून आणि सगळे टप्पे पुन्हा जुळवून संच तिथे नेता येतो, आणि परवानाधारक हॅमला स्वतःचा संच बांधण्याची, बदलण्याची मुभा असते. २००१च्या गुजरात भूकंपात आणि २००४च्या त्सुनामीनंतर अंदमानात हॅमनी संपर्क उभा केला, तो अशाच अंगवळणी पडलेल्या ज्ञानावर.

तेव्हा घरात असा संच पडून असेल तर अँटेना जोडू नका. बोर्डाचा क्रमांक, चिप आणि क्रिस्टल वहीत उतरवा, डमी लोडवर (अँटेनाऐवजी जोडायच्या रोधकावर) शक्ती आणि वारंवारता मोजा, आणि २८ मेगाहर्ट्झवर बोलायचं असेल तर आधी परीक्षा द्या. वयाच्या १२व्या वर्षापासून ती देता येते.