पगाराच्या किल्ल्या

घरभाडे, दूधवाला, मुलांची फी, सारे पगाराच्या एका तारखेवर बेतलेले असते. आता काही कंपन्यांतून रजा, हजेरी नि पगार सांभाळणाऱ्या संगणकप्रणालीला कृत्रिम बुद्धिमत्तेचा 'एजंट' जोडला जात आहे. 'माझ्या किती रजा शिल्लक आहेत?' असे साध्या भाषेत विचारावे, त्याने नोंदी पाहून सांगावे. सोय मोठी आहे.

पण नोंद पाहणे वेगळे नि बदलणे वेगळे. 'माझा खाते क्रमांक बदला' असा निरोप एखाद्या भामट्याने कर्मचाऱ्याच्या नावाने धाडला आणि एजंटाने तो मुकाट्याने पाळला, तर पगार परक्याच्या खात्यात! कॅनडा सरकारने २०१६ साली 'फिनिक्स' ही पगारप्रणाली आणली. तिच्यात असा एजंट नव्हता, तरी हजारो कर्मचाऱ्यांना कमी पगार मिळाला, कुणाला मिळालाच नाही, तर कुणाला जास्त मिळून पुढे तो परत करावा लागला.

मी बँकेत होतो तेव्हा तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडे असत. त्यात कुणाला अपमान वाटत नसे. एजंटालाही एकच किल्ली द्यावी. त्याने नोंदी वाचाव्यात, बदलाचा मसुदा करावा. मूळ कर्मचाऱ्याला विचारून मंजुरीची सही माणसाने करावी. पगार चुकला तर जाब द्यायला कुणीतरी समोर हवे.