सुरू केलं ते थांबवणार कोण?

ताडोब्यात गस्तीवरचा वनरक्षक आता मोबाइलवर नोंदी करतो. २०१० साली आलेल्या ‘एम-स्ट्राइप्स’ प्रणालीचं ॲप त्याची वाट जीपीएसने टिपतं. अशा ॲपची स्क्रीन नुसता नकाशा दाखवत नाही, ती जीपीएसकडून सतत ठिकाण मागत असते. चित्र दाखवण्यापलीकडच्या अशा कामांना प्रोग्रामर ‘साइड इफेक्ट’ म्हणतात. स्क्रीन बंद झाली तरी जीपीएस चालूच राहिलं तर बॅटरी उतरते, आणि भर जंगलात चार्जिंग कुठलं?

ॲपच्या स्क्रीन बांधण्यासाठी फेसबुकने बनवलेल्या ‘रिॲक्ट’ लायब्ररीत पूर्वी असं काम सुरू करण्याचा कोड एकीकडे, थांबवण्याचा दुसरीकडे असे. दुसरा सहज राहून जाई. फेब्रुवारी २०१९ मध्ये आलेल्या ‘यूज-इफेक्ट’ने दोन्ही शेजारी आणले: काम सुरू करणारं फंक्शनच ते थांबवणारं फंक्शन परत देतं. या रचनेतली सगळ्यात शहाणी गोष्ट मला हीच वाटते. काय बदललं की इफेक्ट पुन्हा चालावा, हे सांगणारी यादी मात्र अजूनही भल्याभल्यांना चकवते. २०२२ च्या रिॲक्ट १८ मधला ‘स्ट्रिक्ट मोड’ ॲप तयार होत असताना प्रत्येक इफेक्ट मुद्दाम सुरू करून, थांबवून, पुन्हा सुरू करतो. राहिलेली आवराआवर तिथेच उघडी पडते.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलासाठी ॲप लिहिणाऱ्यांनो, थांबवण्याचा कोड आधी लिहा.