एकाकी मनाची गाणी

मन एकाकी झाले म्हणजे मनुष्य गाण्याकडे वळतो, हा अनुभव सार्वत्रिक आहे. परंतु अशा वेळी कोणते गाणे ऐकावे, याचा विचार क्वचितच कोणी स्वस्थपणे करतो. आप्तेष्ट बहुधा उत्साहवर्धक गाण्यांची शिफारस करतात आणि त्यांचा हेतू निःसंशय चांगला असतो. तथापि नोकरीनिमित्त परगावी राहणाऱ्या तरुणाला, मुले दूरदेशी गेलेल्या वृद्धांना, अथवा सहचराच्या निधनानंतर रिकाम्या घरात वावरणाऱ्या माणसाला त्या आनंदाच्या गजरात आपला वाटा नाही, एवढीच जाणीव अधिक तीव्रतेने होते. ज्याने स्वतः एकटेपण भोगले आणि तरीही जो कोणाला तरी उद्देशून गायला, त्याचेच गाणे अशा मनाला सोबत करते, असे मला मनःपूर्वक वाटते. आणि याचे भरघोस दाखले आपल्या मराठी गीतपरंपरेने जतन करून ठेवले आहेत.

त्यांतील सर्वांत जुना आणि सर्वांत मोठा दाखला जात्यावरच्या ओवीचा. गाव अद्याप निजलेले असताना, पहाटेच्या अंधारात, जी सासुरवाशीण जात्याचा खुंटा धरून दळावयास बसे, तिला दिवसभरात मनातले बोलावयास दुसरी जागा बहुधा नसेच. आणि म्हणून ती पहिली ओवी देवाला वाहून पुढे माहेरच्या आईशी, वाट पाहूनही न आलेल्या भावाशी, वनवासातील सीतेशी आणि पंढरीच्या विठ्ठलाशी बोलू लागे. जनाबाईबरोबर प्रत्यक्ष विठ्ठल दळू लागला, ही कथा या बायकांना इतकी जिव्हाळ्याची का वाटली असेल, हे निराळे सांगावयास नको. पिठाची गिरणी आली आणि जाते कोपऱ्यात गेले. परंतु गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी गावोगाव हिंडून, कार्यकर्त्या स्त्रियांच्या साहाय्याने, एक लाखाहून अधिक ओव्या संगृहीत केल्या आणि त्यांतील पुष्कळशा गाणाऱ्यांच्याच आवाजात आज कोणालाही घरबसल्या ऐकता येतात. या आवाजांना साथसंगत नाही, शास्त्रोक्त तालीम नाही. परंतु कोणीही ऐकत नसताना बोलण्याची हिंमत त्यांत आहे, आणि एकाकी माणसाला तिचीच गरज असते.

बायकांच्या या दुःखाची दुसरी बाजू मुंबईत, कापडगिरण्यांच्या गिरणगावातील चाळींच्या खोल्यांत होती. कोकणातून आणि घाटावरून आलेले कामगार एकेका खोलीत दाटीवाटीने राहत, पाळीप्रमाणे निजत आणि खाणावळीत जेवत. माणसांची वाण नव्हती, वाण होती ती आपल्या माणसांची. सांगली जिल्ह्यातील वाटेगावाहून लहानपणी मुंबईस आलेल्या शाहीर अण्णाभाऊ साठे यांनी ‘माझी मैना’ ही छक्कड रचली ती या कामगाराच्या मुखाने. गावी राहिलेल्या पत्नीच्या आठवणीने व्याकूळ झालेला तो पुरुष गाता गाता संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यापर्यंत येऊन पोहोचतो आणि त्याच्या ताटातुटीत बेळगाव-कारवारकडील मराठी मुलखाची ताटातूट मिसळून जाते. एका माणसाची खासगी हुरहुर हजारोंच्या सभेत सर्वांची व्हावी, हे सामर्थ्य शाहिरीचे. आणि आपले दुःख केवळ आपलेच नाही, हे ज्याला ऐकावयाचे असेल, त्याने या गाण्याकडे अवश्य वळावे.

भजन असो वा पोवाडा, पूर्वी गाणे ऐकावयाचे म्हणजे चार माणसांत जाऊन बसणे क्रमप्राप्तच होते. खोलीचे दार लावून एकट्याने परक्याचे गाणे ऐकण्याची सोय ध्वनिमुद्रिकेने प्रथम केली. तिच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गायन मावे आणि या मर्यादेला भावगीत चपखल बसले. गेल्या शतकाच्या तिसाव्या सालानंतरच्या त्या प्रारंभीच्या काळात जी. एन. जोशी यांनी मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता गाऊन तिची ध्वनिमुद्रिका केली, ती घरोघर पोहोचली. एक भाव, एक आवाज, हलकी साथ आणि समोर मनाने एकच श्रोता, ही भावगीताची घडण. म्हणूनच ते सभेला उद्देशून न गाता जणू एकट्याच्याच कानाशी बोलते.

शब्दही नकोसे वाटतात, अशी एक अवस्था असते. तिच्यासाठी रागसंगीताने मारव्याची तजवीज करून ठेवली आहे. सूर्यास्ताच्या सुमारास गावयाच्या या रागात पंचम वर्ज्य, ऋषभ कोमल, मध्यम तीव्र. आणि षड्ज, जो गायनाचा मूळ आधार, त्यावर गायक सहसा विसावत नाही. कोमल ऋषभ आणि धैवत यांच्याभोवती स्वर घोटाळत राहतात, कान विश्रांतीची अपेक्षा करतो आणि ती विश्रांती पुनःपुन्हा लांबणीवर पडते; दिवेलागणीच्या वेळी एकट्या माणसाला जी अकारण हुरहुर लागते, तिचीच ही स्वरबद्ध आकृती होय. हेच सहा स्वर घेऊन पूरिया आणि सोहनी हे सर्वस्वी निराळ्या प्रकृतीचे राग उभे राहतात, यावरून भाव केवळ स्वरांत नसून स्वरांवर थांबण्याच्या रीतीत असतो, हे ध्यानी येते. उस्ताद अमीर खाँ यांचा ध्वनिमुद्रित मारवा ज्याने शांतपणे ऐकला, त्याला हे कळेल की, ज्या अस्वस्थतेची आपण लाज बाळगत होतो, तिच्यातही एक गांभीर्य आणि एक सौंदर्य आहे. आणि अखेरीस षड्ज लागतो तेव्हा तो धीराने मिळवलेला असतो.

परंतु एकाकीपणात ऐकण्याने काय साधते, याचे सर्वांत उज्ज्वल उदाहरण कुमार गंधर्वांचे. बालवयातच कीर्ती मिळवलेल्या या गायकाला ऐन तारुण्यात क्षयाने गाठले. 1948 साली कोरड्या हवेसाठी ते माळव्यात देवासला आले आणि वैद्यकीय हुकुमाने पुढील काही वर्षे त्यांचे गाणे बंद झाले. गाणे हाच ज्याचा प्राण, त्याला अंथरुणावर मुका पडून राहावयास लावणारे ते एकटेपण किती दारुण असेल! त्या काळात माळव्यातील स्त्रियांची लोकगीते आणि निर्गुणी भजने त्यांच्या कानी पडत राहिली. त्यांनी ती नुसती करमणूक म्हणून ऐकली नाहीत, तर त्यांतील धुनांचा मर्मापर्यंत शोध घेतला. प्रकृती सुधारून ते पुन्हा गाऊ लागले, तेव्हा एक फुप्फुस जवळजवळ निकामी होते. परंतु त्या मौनातील श्रवणातून लोकधुनांवरून घडवलेले ‘धुनउगम’ राग आले आणि कबिराच्या निर्गुणाचे असे गायन आले की, त्याने असंख्य एकाकी श्रोत्यांना आधार दिला.

सबब माझी विनंती एवढीच की, मन एकटे पडले असता गाण्यांचा अखंड ओघ कानांवर सोडून देऊ नये. एक गाणे निवडावे, दुसरे काहीही न करता ते आरंभापासून शेवटपर्यंत ऐकावे, पुन्हा ऐकावे, आणि ते ओठांवर आले म्हणजे संकोच न करता आपल्या कच्च्या आवाजात म्हणावे. कारण दळणारी बाई काय किंवा गिरणी-कामगार काय, त्यांना गाण्याने तारले ते त्यांनी ते स्वतः गाइले म्हणून. आणि गाता गाता ज्याची आठवण अनावर होईल, त्याच्याशी त्याच दिवशी बोलावे. ओवीत भाऊ असतो, छक्कडीत मैना असते, निर्गुणात साधू असतो. एकट्याचे प्रत्येक खरे गाणे कोणाला तरी हाक मारते, आणि ऐकणाऱ्यानेही आपली हाक ज्याच्या त्याच्यापर्यंत पोहोचती करावी, यातच त्या श्रवणाचे सार्थक आहे.