चाकणहून निघालेली फौज कोठे गडप झाली?

चाकणचा किल्ला म्हटले की 1660 मध्ये शायिस्तेखानाशी झुंजलेला फिरंगोजी नरसाळा आठवतो. त्याच्याही सुमारे दोनशे वर्षे आधी याच ठाण्यातून कोकणात उतरलेली एक बहमनी फौज तेथील अरण्यात नष्ट झाली. ती रणभूमी आजही निश्चित झालेली नाही.

पंधराव्या शतकाच्या मध्यास दुसऱ्या अल्लाउद्दीन बहमनीचा सरदार मलिक-उत्-तुजार याने चाकणला ठाणे केले. फिरिश्ता या इतिहासकाराच्या मते, शरण आलेल्या शिर्क्यांवर त्याने धर्मांतराची सक्ती केली. 'आधी खेळण्याच्या शंकररायास नमवा, वाट मी दाखवतो,' असे सांगून शिर्क्यांनी फौजेला रानात नेले. दोन दिवस वाट रुंद होती. तिसऱ्या दिवशी सूर्यप्रकाशही न शिरणारे अरण्य लागले. तीन बाजूंना डोंगर, चौथीला खाडी. सेनापती आजारी होता आणि छावणी विस्कळीत होती. त्या रात्री छापा पडला आणि सेनापतीसह फौज कापली गेली.

खेळणा म्हणजे आजचा विशाळगड. पण तो सह्याद्रीच्या माथ्यालगत असून खाडीचे पाणी त्याच्या पायथ्यापर्यंत येत नाही. तेव्हा फिरिश्त्याची खाडी खरी मानली, तर खेळणा हे मोहिमेचे लक्ष्य होते; लढाई त्याच्या बऱ्याच अलीकडे, पश्चिमेस झाली असली पाहिजे. शिर्के घराण्याचे नाव पुढे शृंगारपूरशी जोडलेले दिसते. जवळच शास्त्री नदीवर संगमेश्वर असून पूर्वी खाडीतून तेथवर गलबते येत. शोध घ्यायचा तो शास्त्रीचे खोरे ते विशाळगड या पट्ट्यात.

लोकस्मृती विशाळगडाकडे बोट दाखवते. तेथील मलिक रेहान यांच्या दर्ग्याशी बहमनी स्वाऱ्यांच्या आख्यायिका निगडित आहेत. मात्र 'मलिक' ही पदवी होती. केवळ तेवढ्यावरून दोन व्यक्ती एक ठरत नाहीत. फिरिश्त्यालाही जपूनच वाचावे लागते. त्याने दीडशे वर्षांनंतर लिहिले, शिवाय तो स्वतः इराणातून आलेल्या 'आफाकी' गटातला. त्याचे अरण्यवर्णन बरेचसे अलंकारिक आहे.

या शोकांतिकेचा दुसरा अंक चाकणला घडला. बचावलेले आफाकी तेथे परतले. दख्खनी सरदारांनी सुलतानाचे कान भरून त्यांना वेढले आणि अभयवचन देऊन आत बोलावून ठार केले. कोकणातली जागा ग्रंथ, नद्या आणि गावांची नावे ताडून शोधावी लागेल. चाकणची जागा मात्र आपल्या डोळ्यांसमोर आहे. कारखान्यांच्या आणि वस्तीच्या वेढ्यात किल्ल्याची उरलीसुरली तटबंदी व खंदक नाहीसे झाले, तर या कथेतील एकमेव पक्का ठिकाणाही आपण आपल्या हातांनी हरवून बसू.