एक तास, एक सेकंद

रात्रीचे साडेदहा. त्र्यंबकेश्वरातल्या एका शाळेचा चित्रकलेचा वर्ग. खिडक्यांना पुठ्ठे लावलेत, पंखा मुद्दाम बंद ठेवलाय, आणि दिवसभर तापलेल्या भिंतींतून मे महिन्याचा उकाडा अजून बाहेर येतोय. बाकावर स्टीलची ताटली, तिच्यात ओल्या कापसाचा थर आणि कापसावर मटकीचे एकवीस दाणे. सकाळी भिजत घातलेली मटकी आता टम्म फुगली आहे. दोन्ही बाजूंना विटांच्या थप्प्या, त्यांवर आडवी लाकडी पट्टी, आणि सायकलच्या जुन्या ट्यूबने त्या पट्टीला करकचून बांधलेला मोबाइल. शेजारी टेबललॅम्प, त्याच्यापुढे बटर पेपर.

घड्याळाचा काटा सहावर टेकतो. हरसूलकडून आलेली सतरा वर्षांची मुलगी इअरफोनच्या वायरीवरचं आवाज वाढवायचं बटण दाबते. खट्. फोटो निघतो. मोबाइलला बोटसुद्धा लागत नाही, म्हणून तो केसभरही हलत नाही. वहीत ती एक रेघ ओढते.

“कितवा?” मी हळूच विचारते.

“पंचावन्नावा, ताई.”

संध्याकाळी सहाला सुरुवात झाली. दर पाच मिनिटांनी एक फोटो. पडद्यावर एका सेकंदाला बारा फोटो पळवायचे, असं मुलांनी ठरवलंय. तासाला बारा फोटो, म्हणजे एक तास राबलं की हातात येतो एक सेकंद. फळ्यावर हा हिशेब मुलांनीच मांडला आहे आणि कोणीतरी त्याला खडूने चौकट काढून ठेवली आहे. साडेचार तासांत साडेचार सेकंद झाले.

हे पाच दिवसांचं शिबिर आहे, मोबाइलवर चित्रपट करायला शिकवणारं. त्र्यंबक आणि पेठ तालुक्यांतली चौदा मुलंमुली आलीत. रील करायला त्यांना कोणी शिकवायची गरज नाही, त्यात ती तरबेज आहेत. शिकवणाऱ्या दादाने पहिल्या दिवशी त्यांना कुशावर्त कुंडावर नेलं आणि सांगितलं, एक जागा निवडा, मोबाइल स्थिर धरा, एक मिनिट चित्रण करा. बस्स. दहाव्या सेकंदाला जवळजवळ सगळ्यांचे हात वळले. कोणी आकाश दाखवलं, कोणी झूम केलं, कोणी स्वतःकडेच फिरवला. पाचव्या प्रयत्नात एका मुलाला मिनिट साधलं. त्याच्या चौकटीत हार गुंफणाऱ्या बाईंचे फक्त हात होते, आणि एकोणचाळिसाव्या सेकंदाला त्या हातांनी सुई दातांत धरली. ते बघताना अख्खा वर्ग गप्प झाला होता. मला वाटतं, शिबिर खरं त्या क्षणी सुरू झालं.

“दादा, हे आपोआप करणारं ॲप असतं ना?” कोपऱ्यातल्या सतरंजीवरून एक जण विचारतो.

“असतं की. पण मग तू झोपशील आणि मटकी एकटीच उगवेल.”

पोरगा उठून बसतो.

याच त्र्यंबकेश्वरात १८७० साली दादासाहेब फाळके जन्मले. १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा घेऊन परतल्यावर ‘राजा हरिश्चंद्र’साठी पैसे उभे करायचे होते, आणि चित्र हलतं हे लोकांना पटवायचं होतं. त्यांनी कुंडीत वाटाणा लावला आणि त्याचा वेल होईपर्यंत एकेक चौकट टिपत राहिले. हा किस्सा दादाने संध्याकाळी सांगितला. मुलांना मात्र त्याहून आवडल्या फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई. तेव्हा कोऱ्या फिल्मला कडेची भोकं नसायची, ती त्या घरी अंधारात पाडून द्यायच्या, हे ऐकल्यावर हरसूलच्या मुलीने एवढंच विचारलं, “अंधारात मोजायच्या कशा?” तो प्रश्न अजून माझ्या डोक्यात आहे. भारतीय चित्रपटाच्या इतिहासात त्या बोटांना फार थोड्या ओळी मिळाल्या.

मध्यरात्रीनंतर ब्रह्मगिरीच्या बाजूने गडगडायला लागतं. वळीव. पुठ्ठे फडफडतात, दोघं धावत जाऊन ते धरून उभे राहतात. बरोबर दीड वाजता वीज जाते.

कोणीतरी ओरडतं, कोणीतरी ताटलीकडे झेपावतं. “हात लावू नका!” हा आवाज त्या मुलीचा. ती जागची हललेली नाही. दुसऱ्या मोबाइलची बॅटरी लावून कोणीतरी बटर पेपरच्या मागे धरतं. उजेड निळसर पडतो, सावल्या भलतीकडे जातात. एक पस्तीसची वेळ होते. खट्. बॅटरी धरून हात भरून येतात तसे हात बदलतात, पण दर पाच मिनिटांनी खट् होतंच. दोन पन्नासला दिवा येतो तोवर असे सोळा फोटो निघालेत.

त्याच निळसर उजेडात मी वाकून पाहते. मधल्या ओळीतल्या एका दाण्याचं साल फाटलंय आणि पांढरं टोक बाहेर आलंय, तांदळाच्या कणीएवढं. जन्मभर मटकीला मोड आणले मी, फडक्यात बांधून, रात्री झोपून. ते टोक बाहेर पडताना कधी पाहिलं नव्हतं.

सकाळी आठ. चौदा सेकंद तयार आहेत. पुठ्ठे काढलेत, पण सगळे एका लॅपटॉपभोवती असे कोंडाळं करून आहेत की अंधार आपोआप झालाय. दाणे थरथरतात, कुशीवर वळतात, सालं फुटतात. मोड वाकडे होत एकमेकांना ढकलतात, एक दाणा तर चक्क शेजाऱ्याच्या पाठीवर चढतो. मध्येच सव्वा सेकंदभर सगळं निळं, अंधारं होतं आणि पुन्हा उजळतं.

“तेवढे सोळा काढून टाकू या का?” दादा विचारतो.

“नको,” ती म्हणते. “वीज गेलीच होती ना, दादा. आणि तेव्हाच तर तो पहिला फुटला.”

सोळा फोटो राहतात.

मागे कोणी मटकी धुऊन फोडणीला टाकायची भाषा करतंय. ती वही घेऊन माझ्याशेजारी येऊन बसते. घरी गेल्यावर तिला नागली टिपायची आहे. पाऊस पडला की आई भाजलेल्या राबावर बी फेकते, आणि रोप लावणीला यायला महिना जातो. रोज बारा फोटो, रोज एक सेकंद, महिन्याचे तीस. ती लिहिते आणि थांबते.

“मोबाइल भावाचा आहे, ताई. तो सातला कामाला जातो.”

पेन्सिल दातांत धरून ती जरा वेळ वहीकडे बघते. मग ‘बारा’ खोडून ‘सहा ते सात’ लिहिते, खाली पाच-पाच मिनिटांचे आकडे मांडते, मोजते. पहिला सहाला धरला तर बारावा सहा पंचावन्नला. ती पुन्हा एकदा मोजते. मग उठते आणि दादाकडे फोन मागते, भावाला लावायला.